साय की बदामी

जुबेदा रंगावरून भांडली, असं जव्हारच्या बाजारात अजूनही सांगतात, आणि सांगणारा हसतो. हसू दे. ज्याला स्वतःच्या खोलीतून कुणी उठवलेलं नाही, त्याला हसायला काय जातंय? रंग दोन होते, एक साय आणि एक बदामी. दोन्ही चुन्यातलेच, दोन्ही पिवळसर, ऊबदार, डोळ्यांना न टोचणारे. सायीत चुना आणि थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती. बदामीत तेच, वर चिमूटभर गेरू. एवढाच काय तो फरक. भर उन्हात शेजारी शेजारी धरले तर कळायचा, नाहीतर चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही विचारावं लागायचं, बाबा रे, यातला कुठला कुठला? आणि या चिमूटभर गेरूवरून त्या बाईने जमातीच्या म्हाताऱ्यांसमोर आपल्या मोठ्या दिराला सुनावलं. का सुनावलं ते आधी नीट ऐका. मग हसायचं तर हसा.

जुबेदा मोखाड्याची. जव्हारात इदरीस रंगाऱ्याला दिली. इदरीस म्हणजे गावातला नावाजलेला हात. दुकानांच्या पाट्या त्याच्या, जामसरच्या पाटलांचं घर त्याने रंगवलेलं, पोशेऱ्याच्या शाळेच्या भिंतीही त्याच्याच. आणि स्वतःच्या खोलीला? बापाच्या वेळचा चुना, तोही धुराने करडा पडलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घर बापाने बांधलेलं, कौलारू. मागच्या दोन खोल्या मोठ्या भावाच्या, शरीफच्या, आणि रस्त्याकडची पुढची खोली इदरीसची. बाप जिवंत असतानाच तसं ठरलेलं. कागद कुणी केला नाही. भावाभावात कागद कसला करायचा?

इदरीसच्या कामाची एक रीत होती. कुणाचंही घर असो, तो भिंतीवर आधी जाडसर चुन्याचे दोन पट्टे मारायचा, सुपाएवढे, दोन रंगांचे. पट्टा ओला असतानाच घरातल्या बाईला बोलवायचा आणि म्हणायचा, "आवडेल त्यावर अंगठा टेकवा." ओल्या चुन्यात अंगठ्याचा खळगा पडायचा, तो पडल्याशिवाय इदरीस कुंचा उचलायचा नाही. घरचा पुरुष म्हणायचा, अरे, पैसे मी देतोय, मी सांगतो ना! इदरीस शांतपणे विचारायचा, "या भिंतीकडे बघत दिवस कुणाचा जातो? तुमचा?" मग पुरुष बाजूला सरकायचा. बायका मात्र आतून खूश व्हायच्या आणि त्याला चहा जरा जास्त दुधाचा मिळायचा.

लग्न होऊन जुबेदा या खोलीत आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "रंगाऱ्याची बायको झाले आणि भिंती अशा?" इदरीस हसला. खिडकीशेजारी त्याने दोन पट्टे मारले, डावा सायीचा, उजवा बदामी. "टेकव अंगठा." तिने बदामीवर टेकवला. आता गप्प बसावं की नाही? पण इदरीसमधला रंगारी जागा झाला. "बदामी धूर धरतो," तो म्हणाला. "साय घे."

"साय दिवसा बरी दिसते. संध्याकाळी कंदील लावला की आजाऱ्याच्या तोंडासारखी दिसते."

"तुला रंगातलं काय कळतं?"

"आणि तुला घरातलं काय कळतं?"

झालं! इतकी वर्षं जगाला शिकवलेली आपली रीत इदरीसने स्वतःच मोडली. हट्टाने सायीच्या पट्ट्यावर स्वतःचा अंगठा दाबला, तिच्यापेक्षा जोरात आणि खोल. दोन पट्टे, दोन अंगठे, आणि खोली तशीच करडी.

ते भांडण मग वर्षानुवर्षं चाललं. या ईदेला करूच, असं तो म्हणायचा आणि ती विचारायची, "कुठला?" की पुन्हा सुरू! पाहुणा आला की त्याला चहाआधी खिडकीशी न्यायचे आणि मत मागायचे. साखरशेतचा फागू दर वर्षी भात झोडपून झालं की इदरीसच्या हाताखाली कामाला यायचा, त्यालाही एकदा विचारलं. तो बिचारा बराच वेळ टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "दोनी सारकेच दिसतात की, बाय." नवराबायको दोघं मिळून त्याच्या अंगावर ओरडले. तेवढंच एक त्यांचं एकमत.

मूलबाळ झालं नाही. शरीफची बायको झरीना, म्हणजे जुबेदाची मोठी जाऊ, तिने ते विसरू दिलं नाही. "कुणासाठी रंगवायची आहे ग खोली?" असं ती हसत हसत विचारायची. जुबेदा म्हणायची, "माझ्यासाठी. मी माणूस नाही का?" झरीना ओठ मुडपून आत जायची. जुबेदाची जीभ तिखट, मोखाड्याचं पाणीच तसं, असं घरात म्हणायचे. खरं सांगायचं तर ती जीभ नसती तर त्या घरात तिचं पोतेरं झालं असतं.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात इदरीस तापाने गेला. ऐन श्रावणात चार दिवस अंगात ताप होता, पाचव्या दिवशी माणूस नाही. शेवटच्या दिवशी शुद्ध होती तेव्हा भिंतीकडे बघून म्हणाला होता, "उठलो की रंगवू." जुबेदाने विचारलं, "कुठला?" तो नुसता हसला. बस, त्यांचं शेवटचं बोलणं एवढंच.

मग ती इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईने ठरलेला काळ त्याच घरात काढायचा, तिला तिथून कुणी हलवायचं नाही, असा धर्माचा दंडक. त्या दिवसांत शरीफभाईंचा गोडवा काय वर्णावा! रोज आतून ताट यायचं, दूध यायचं. आपल्या दुकानात येणाऱ्याजाणाऱ्यापाशी तो डोळे पुसायचा. माझा भाऊ असा होता, माझा भाऊ तसा होता. जिवंतपणी त्याच भावाला "रंग फासणारा" म्हणायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! जुबेदा ऐकत होती. रोज संध्याकाळी खिडकीशी जायची, सायीच्या पट्ट्यातल्या त्या खळग्यात आपला अंगठा ठेवायची. इदरीसचा अंगठा जाड, तिचा बारीक. आजूबाजूला जागा उरायची, आणि मग तिला रडू यायचं.

इद्दत संपली त्याच आठवड्यात शरीफचा मुलगा मन्सूर हातात सुतळी घेऊन खोलीत आला आणि मापं घेऊ लागला.

"काय रे हे?"

"पलंगाचं माप, चाची," तो म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. पोरगा वाईट नव्हता.

मागोमाग झरीना आली. मन्सूरचा निकाह ठरलाय, मुलगी वाड्याची, नाव शहरबानो, असं सगळं कौतुकाने सांगून झाल्यावर म्हणाली, "मागची पडवी झाडून घेते तुझ्यासाठी. शेळी दुसरीकडे बांधू. एकट्या जीवाला किती जागा लागते?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा. पण शरीफ मुरलेला दुकानदार, खोली दे असं तो तोंडाने कशाला म्हणेल? त्याने गावात वेगळंच पसरवलं. इदरीसला आपली खोली सायीच्या रंगात हवी होती, बिचाऱ्याचं राहून गेलं, आता मी भाऊ म्हणून त्याची मर्जी पुरी करणार, सगळं घरच सायीचं करणार. वा! लोकांनी माना डोलावल्या, भाऊ असावा तर असा. आणि मेलेल्या नवऱ्याच्या आवडीचा रंग लावायला कुठली बाई नाही म्हणेल? एकदा शरीफच्या खर्चाने, त्याच्या माणसाच्या हातून रंग लागला की खोली त्याचीच झाली. मग चार दिवसांनी पडवी. जुबेदाला हे लख्ख दिसत होतं.

पण बोलायचं कुणाशी? त्या घरात धाकट्या सुनेने मोठ्या दिराशी तोंड उघडून बोलायची चाल नव्हती. डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं तर झरीनाच्या मार्फत. लग्न झाल्यापासून शरीफ आणि जुबेदा थेट एक शब्द बोलले नव्हते. म्हणून जुबेदा भिंतीशी बोलायची. शरीफ ओसरीवर असला की ती खिडकीजवळ उभी राहायची आणि पट्ट्यांकडे बघत मोठ्याने म्हणायची, "भिंती, ऐकलंस का ग? तुझी मापं घेऊन गेले." किंवा, "भिंती, शेळीच्या जागी मला बांधणार आहेत म्हणे." भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर भिंत निरोप्याचं काम करत होती. शरीफ खाकरायचा आणि झरीनाला म्हणायचा, "तिला सांग, भिंतीशी बोलणाऱ्याला लोक वेडा म्हणतात."

"भिंती, वेडं म्हटलं तरी चालेल, पण बेघर नको ग."

शेवटी एका शुक्रवारी नमाज झाल्यावर शरीफने डाव टाकला. जमातीतल्या तीन म्हाताऱ्यांना चहाला बोलावलं. त्यात मोठे मिया होते. त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. "भावाच्या खोलीला रंग लावतोय, दुआ करा," एवढंच सांगून आणलं त्यांना. फागूलाही साखरशेतहून बोलावून घेतलं होतं. सायीची बादली कालवून तयार होती. सगळे पुढच्या खोलीत आले आणि जुबेदा पदर घेऊन खिडकीच्या बाजूला सरकली.

फागूने कुंचा ओला केला आणि थांबला. "बायनी अंगठा ठेवला का?"

"अरे, बाईचा अंगठा काय घेऊन बसलास!" शरीफ म्हणाला. "मालकाचाच अंगठा आहे इथं. बघा, मिया, बघा." त्याने सगळ्यांना सायीच्या पट्ट्यावरचा खळगा दाखवला. म्हाताऱ्यांनी वाकून बघितलं. एकाने डोळे पुसले. मोठे मिया म्हणाले, "सुभानल्ला, मरहूमचा हात." आता जुबेदाची बाजू पुरती ढासळली असं कुणालाही वाटलं असतं. तिलाही वाटलं. नवऱ्याचाच अंगठा तिला घरातून बाहेर काढत होता.

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "भिंती, एक अंगठा दाखवला, दुसरा नाही दाखवला ग."

"कुणाशी बोलतेय ही?" मोठ्या मियांनी विचारलं.

"भिंतीशी," शरीफ दात काढून म्हणाला. "झरीना, तिला सांग, भिंत काय उत्तर देणार? मर्जी चालेल ती मरहूमची."

आणि जुबेदा वळली. पदर डोक्यावर होता, पण तोंड सरळ शरीफकडे होतं. झरीनाच्या हातातल्या बश्या वाजल्या.

"भाईजान," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "झरीनाभाभीला मध्ये कशाला त्रास? मीच बोलते. तुमच्या भावाला साय आवडायची, खरं आहे. मला बदामी आवडायची, तेही खरं आहे. हा माझा अंगठा, बघा. आम्ही भांडत होतो, भाईजान. तो गेला त्या दिवशीही भांडण मिटलं नव्हतं. तो असता तर अजून भांडला असता, कदाचित जिंकलाही असता. पण तो भांडायला उरला नाही म्हणून तुम्ही त्याच्या जागी उभं राहून जिंकणार? नवऱ्याकडून मी हरेन. तुमच्याकडून नाही हरणार!"

बाहेर रस्त्यावर दोघंचौघं थांबली होती, ती दाराशी सरकली.

"आणि रंग लागल्यावर या खोलीत झोपणार कोण, तेही सांगा या बुजुर्गांना. सांगा की! पलंगाची मापं झाली, पडवी झाडून झाली. सगळं केलंत, मग सांगायलाच लाज का वाटते?"

शरीफचा चेहरा उतरला. "ते... मन्सूरचं लग्न आहे... पोरांना जागा लागते... तिची सोय मागे..."

"शरीफ," मोठ्या मियांनी कप खाली ठेवला, "चहाला बोलावताना हे बोलला नाहीस तू."

"अहो मिया, घरची गोष्ट आहे!" शरीफ आता चिडला. "आणि ही उलट माझ्याच अंगावर येते! भावाचा अंगठा आहे त्या भिंतीवर. माझ्या भावाचा! आहे हिंमत त्याच्या मर्जीविरुद्ध जायची?"

तेव्हा जुबेदाला कळून चुकलं. आज म्हातारे तिच्या बाजूने बोलतील, उद्या घरी जातील. तो अंगठा भिंतीवर आहे तोवर शरीफ रोज त्याचा हात धरून या खोलीत येणार. ती फागूपाशी गेली, त्याच्या पिशवीतला गेरू काढला आणि सायीच्या बादलीत टाकला. चिमूट टाकायची होती, पण रागाच्या भरात मूठभर पडला. ढवळलं तर रंग तिच्या पट्ट्याहून गडद झाला, चांगला भाजका. झाला तर झाला. तिने कुंचा घेतला.

"बाय," फागू हळूच म्हणाला, "मालकांचा अंगठा ऱ्हाऊ दे. मी बाजूबाजूनी घेतो."

ती क्षणभर थांबली. डाव्या हाताचा अंगठा त्या खळग्यात ठेवला, आजूबाजूला जागा उरली, रोजच्यासारखीच. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवले नाहीत. मग हात काढला, कुंचा बुडवला आणि आधी नेमक्या त्याच पट्ट्यावरून बदामीचा हात मारला, वरपासून खालपर्यंत.

"हाय अल्ला!" झरीना ओरडली. "नवऱ्याची निशाणी पुसली!"

"माझा नवरा, माझी निशाणी," जुबेदा म्हणाली. "तुमच्या कामाला नाही येऊ देणार मी तिला. फागू, बघत काय बसलास? शिडी लाव."

दरवाजा सताड उघडा होता. येणारा जाणारा बघत होता की विधवा बाई पदर खोचून भिंत रंगवतेय. शरीफला तिला हाताला धरून काढता येईना, आणि बोलावं तर मोठे मिया अजून खुर्चीत बसलेले. म्हातारा दुसरा कप मागून तिथेच बसून राहिला आणि चौथी भिंत होईपर्यंत उठला नाही. उठताना म्हणाला, "रंग जरा भडक झाला, बेटी."

"मूठ पडली, मिया. पण हाच माझा बदामी."

मन्सूरला मागची खोली मिळाली, सायीची. शरीफ पुढे कित्येक महिने जुबेदाशी बोलला नाही, पण पूर्वीही बोलत नव्हताच, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. आतून ताट यायचं बंद झालं. मग तिने फागूला सांगितलं, इदरीसची कामं आपण दोघं करू. गावात कुजबुज झाली, बाईमाणूस शिडीवर? ती म्हणाली, शिडीला कुठे कळतं? लोक आधी हसले आणि मग बोलवू लागले, कारण आतल्या खोल्या रंगवायला बाई आलेली बायकांना बरी वाटे. तिने इदरीसची रीत सोडली नाही. दोन पट्टे मारायची आणि घरातल्या बाईला म्हणायची, "टेकव अंगठा. नवऱ्याकडे काय बघतेस?" नव्या सुनेला, शहरबानोला, मागच्या खोलीचा रंग दोन वर्षांत नकोसा झाला तेव्हा तीही चोरपावलांनी पुढच्या खोलीत जुबेदालाच बोलवायला आली.

आता पट्ट्याचं सांगायचं राहिलं. चुन्याचा एक हात म्हणजे पातळ कागदच, त्याने खळगा कुठला भरतोय! त्याच दिवशी संध्याकाळी जुबेदाने कंदील लावला, उजेड आडवा पडला आणि बदामी भिंतीवर खिडकीशेजारी दोन छोट्या सावल्या उमटल्या, एक तिच्या अंगठ्याची आणि एक जाड, खोल. साय गेली होती, अंगठा तसाच होता. ती रडता रडता हसली.

पुढे दर ईदेच्या आधी ती खोलीला बदामीचा हात द्यायची, अगदी ऐंशीनंतरही, केस पिकले तरी. आणि हात देऊन झाला की चुना ओला असतानाच सायीच्या जागचा तो खळगा नखाने कोरून मोकळा करायची, नाहीतर थरावर थर बसून एक दिवस भरून गेला असता. स्वतःचा मात्र तिने कोरला नाही, तो हळूहळू बुजला. झरीनाने ते बघितलं. तीही तोवर विधवा झाली होती, पूर्वीची धार राहिली नव्हती. दारात टेकून म्हणाली, "रंग तर तुझाच लावलास, जुबेदा. मग त्याचा अंगठा कशाला कोरत बसतेस?"

जुबेदाने नखातला चुना झटकला.

"भांडायला कुणीतरी लागतं ना, भाभी," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून, "बघ, कंदिलात कसा दिसतोय. आणि म्हणे साय!"